रातचे पाणी आणि दुसऱ्या दिवशीचे डोके



बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळी विषय झोपेचा आहे. हसू नका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाच्या उसाची पाने तणनाशकाने करपली. प्रमाण आम्हीच चिठ्ठीवर लिहून दिले होते. चौकशीत कळले की, मालकाने स्वतःच औषध मोजले, पण प्रत्येक पंपात दोनदा टाकले. लाईट रातची, त्यामुळे सलग तीन रात्री ते दारे धरत होते. "साहेब, मी चांगला जागा होतो की!" असे म्हणाले. खोटे बोलत नव्हते.

गोम इथेच आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात असे दिसले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे ढिले पडते. २००३ च्या अमेरिकन प्रयोगात दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्यांचे लक्ष एक-दोन रात्री पूर्ण जागलेल्यांइतके घसरले. मात्र आपले इतके बिघडले आहे, हे त्यांना फारसे जाणवले नाही. पिलेल्याला लोक अडवतात तरी. जागरणवाल्याला कोण अडवणार?

त्यात काळजी. तोड कधी येईल, सोसायटीचे कर्ज कसे फिटेल, या विचारात अंग पडते पण डोके पडत नाही. आणि किल्लारीत तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहेच. गणपती विसर्जन करून माणसे निजली अन् ३ वाजून ५६ मिनिटांनी घरे अंगावर आली. आजही काही वडीलधारी मंडळी त्याच सुमारास दचकून उठतात आणि "वयोमान" म्हणून सोडून देतात. ते वयोमान नव्हे. डॉक्टरांना सांगावे, १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फुकट बोलताही येते. आमच्या मते यात लाजण्यासारखे काही नाही.

रातचे पाणी टळत नसेल तर भावा-भावांनी रात्री वाटून घ्याव्यात. औषधाची मापे आदल्या दिवशीच पुड्या-बाटल्यांत भरून ठेवावीत, पंप भरला की बांधावर एक खडा टाकावा. जागून आल्यावर आधी झोप, मगच ट्रॅक्टर. दहावी-बारावीच्या लेकरांनाही आठ ते दहा तास झोप लागते. दिवसाचा अभ्यास झोपेतच डोक्यात पक्का बसतो, तेव्हा पहाटे तीनला त्यांना उठवू नये.

फवारणीआधी मापे तपासून हवी असल्यास गट कार्यालयात यावे. आम्ही सकाळी दहापर्यंत असतो, नंतर शिवारात.