स्तनाच्या कर्करोगाची तपासणी : शिबिरापासून निदानापर्यंत



तथागतांनी प्रथम दुःख आहे हे सांगितले, मग त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग सांगितला. चांगला वैद्यही याच क्रमाने चालतो. परंतु दुःख आहे हेच झाकून ठेवले, तर पुढच्या साऱ्या वाटा बंद होतात. स्तनाच्या कर्करोगाबाबत आपल्याकडे हेच घडते. काही भगिनी गाठ लपवितात, तर काही तपासणी करून घेतात. पण ती अर्धवट सोडतात. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोग आणि त्याची लक्षणे

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्र बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

मुंबईतील अभ्यास

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने (स्थापना १९४१) १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने तपासणी केली. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती देण्यात आली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण कमी होते. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयांचा एकत्र विचार करता घट १५ टक्के होती; पण ती शास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही.

महागड्या यंत्राशिवाय, गरीब वस्तीतही रोग लवकर पकडता येतो, हा यातील मोठा धडा. पण आरोग्यसेविकेचा हात फक्त संशय दाखवितो. निदान रुग्णालयातच होते. बँकेत चेक भरला म्हणजे रक्कम जमा झाली असे नसते, तो वटावा लागतो. शिबिरातील तपासणीचेही तसेच आहे.

निदानाच्या पायऱ्या

१) डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी.
२) मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. यात स्तन क्षणभर दाबला जातो. तरुण वयात बहुधा सोनोग्राफी उपयोगी पडते.
३) संशय राहिल्यास बायोप्सी. जागा बधिर करून सुईने गाठीचा छोटा तुकडा काढतात व तो प्रयोगशाळेत तपासतात. कर्करोग निघाल्यास कोणते औषध लागू पडेल हे ठरविण्यासाठी त्याच तुकड्यावर आणखी चाचण्या होतात. रिपोर्टला दिवस लागतात, ते यामुळे.

भगिनींचे अनुभव

वस्तीतील भगिनींशी बोलताना तीन प्रकारचे अनुभव ऐकावयास मिळाले. एकीला शिबिरात "पुढे दाखवा" म्हणून चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी चार महिने पत्र्याच्या पेटीत राहिली. कारण धुण्याभांड्याची कामे बुडाली की पैसे कापले जातात आणि मुलाची परीक्षा तोंडावर होती. दुसरीला मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलाविले, तेव्हा घरात रडारड सुरू झाली. तिला आठ दिवस अन्न गेले नाही. शेवटी ती साधी पाण्याची गाठ निघाली. पुन्हा बोलाविणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे तिला कोणी आधी सांगितलेच नव्हते. तिसरीला शेजारणीने भरविले की, सुई लावली की रोग पसरतो. ही समजूत खोटी आहे. जाऊ सोबत गेली म्हणून तिने बायोप्सी केली. रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, उपचार झाले आणि आज ती कामावर जाते.

या तिघींना डॉक्टरांइतकीच सोबतीची गरज होती.

आपले कर्तव्य

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पडलेल्या भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, बिछान्यावर निजविले आणि संघाला एकमेकांच्या शुश्रूषेचा धडा दिला. परमपूज्य बाबासाहेबांनीही १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीचे आरोग्य हा तिचा एकटीचा प्रश्न नाही, हाच त्याचा अर्थ.

यास्तव संस्थेने शिबिर भरवून थांबू नये. ज्यांना पुढे पाठविले त्यांची नोंद गुप्तपणे ठेवावी आणि निदान लागेपर्यंत पाठपुरावा करावा. प्रत्येकीसोबत एक कार्यकर्ती द्यावी. केसपेपर, फिल्म व रिपोर्ट एका पिशवीत जपावेत. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसराही आहे. रिपोर्ट प्रथम त्या भगिनीला सांगावा. तिच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्यावाचून होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख घरी आईला, मावशीला, आत्याला वाचून दाखवा. कुठे चिठ्ठी पेटीत पडून असेल, तर ती बाहेर काढा आणि त्यांच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहा.

जय भीम! नमो बुद्धाय!