गाणाऱ्याची लाज तुझ्या हाती

म्हसवड

चि. बाळास,

आटपाडीकडच्या हळदीत तुझा कराओकेचा कार्यक्रम बिघडला, हे ताईकडून कळलं. अँप्लिफायर जळला, पैशाची गोष्ट आहे, भरून निघेल. पण नवरीची आत्या गात असताना मध्येच मोबाईलची जाहिरात वाजली, लोक हसले आणि तूही माईकवरून त्यांच्या सुराची थट्टा केलीस, हे मनाला लागलं. ती बाई चार माणसांत गायला पहिल्यांदा उठली असेल. आधी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून ये, मग पुढचं वाच.

१९७१ साली जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं कराओकेचं यंत्र बनवलं. तो गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं, याला जाता येईना. म्हणून त्या मालकाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. यंत्राची कल्पना तिथून निघाली. तेव्हा तू यंत्रामागं बसलेला साथीदार आहेस. तबलजी गायकाला सांभाळून घेतो, तेच तुझं काम.

म्हणून फर्माइशीची चिठ्ठी आली की आधी पट्टी विचार. मूळ गाणं लताबाईंच्या वरच्या पट्टीतलं असतं आणि समोर दिवसभर पाहुण्यांशी बोलून घसा बसलेली बाई असते. ट्रॅक दोन-तीन सूर खाली घे, मुखड्याची एक ओळ हळूच म्हणवून बघ. गाणी लॅपटॉपमध्ये भरून ठेव. आपल्या माळावर रेंजच्या भरवशावर कार्यक्रम करायचा नसतो, आणि मोबाईल लावलाच तर फ्लाइट मोडवर टाक. यात्रेला, लग्नसराईला सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातले आपले गलाईवाले तमिळनाडू-केरळातून गावी येतात. त्यांची पोरं तमिळ, मल्याळी गाणी मागतात. ती चार गाणी तुझ्याकडं निघाली, तर तिकडं वाढलेलं पोरगं गावात परकं राहत नाही.

आता लाईटचं. मंडपाला लाईट कुठून घेतली आहे, हे विचारल्याशिवाय पिन लावू नको. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला, की कमी भार असलेल्या फेजवर २३० व्होल्टचे ४०० च्या जवळपास होऊ शकतात. त्या रात्री काही बल्ब लख्ख झाले आणि काही मिणमिणायला लागले, असं ताई म्हणाली. ती त्याचीच खूण. टेस्टर पेटला म्हणजे व्होल्टेज बरोबर आहे असं नव्हे. मल्टिमीटर लाव, आणि माळा, कूलर, हॅलोजन सगळं चालू झाल्यावर पुन्हा एकदा लाव. जादा व्होल्टेज आलं की आपोआप तोडणारा प्रोटेक्टर पुढच्या कमाईतून पहिला घे. जनरेटर असेल तर तो थांबवण्याआधी आपला अँप्लिफायर बंद झालेला हवा.

स्पीकर घुमतो म्हणून काही पोरं अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नको. हळदीत जमीन ओली असते, माणसं अनवाणी असतात आणि माईकची लोखंडी जाळी ओठाला लागलेली असते. माणूस जाईल. घुमणं बऱ्याचदा लॅपटॉपच्या चार्जरमधून येतं. चार्जर काढून बघ; आवाज थांबला तर लॅपटॉप आणि अँप्लिफायरच्या मधे ऑडिओ आयसोलेटर लावून घे.

माईक शिट्टी मारायला लागला, तर गाणाऱ्यावर ओरडू नको. स्पीकर त्याच्या पुढं आणि स्पीकरचं तोंड लोकांकडं, एवढं आधीच बघायचं. जाळी मुठीत धरली असेल तर जवळ जाऊन हात खाली घ्यायला सांग आणि तेवढ्याच माईकचा आवाज उतरव. वैशाखात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. वाऱ्यानं स्टँड पोरांवर पडू नये म्हणून बुडाला वाळूची पोती ठेव, मेणकापड हाताशी ठेव.

पिऊन आलेला एखादा तेच गाणं पुन्हा लाव म्हणून अडून बसतो. त्याच्याशी माईकवरून बोलू नको, घरच्या वडीलधाऱ्याला पुढं कर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, असं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, ते कोणते हे आधी विचारून ठेव. सुपारी घेतानाच ही वेळ सांगायची आणि इसार घेऊन कागदावर लिहायची, म्हणजे ऐन वेळी पोलीस आणि पाहुणे यांच्यात तू सापडत नाहीस.

या रविवारी लॅपटॉप आणि सगळ्या केबली घेऊन इकडं ये. एकेक केबल तपासू, गाण्यांची यादी पट्टीसकट वहीत उतरवू. तोवर नवी सुपारी घेऊ नको.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा