आतड्याचा निरोप व जनावरांचे पचन

जठरातून उतरणारे अन्न आंबट असते. ते तसेच पुढे गेले तर आतड्याचे अस्तर पोळेल व तेथील पाचक रसांचे कार्य थांबेल. परंतु अन्न लहान आतड्यात शिरताच स्वादुपिंडाचा रस वाहू लागतो आणि आम्ल मारले जाते. स्वादुपिंडास ही वर्दी कोण देते?

हे काम मज्जातंतूंचे, असे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे मत होते. इ. स. १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस व स्टार्लिंग यांनी त्याची परीक्षा घेतली. भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याचे मज्जातंतू तोडून त्यांनी त्यात सौम्य आम्ल सोडले. तरीही रस वाहिला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात वाटून, तो गाळलेला अर्क शिरेत टोचला. रस पुन्हा वाहिला. निरोप रक्तावाटे जात होता. त्या द्रव्यास त्यांनी 'सिक्रीटिन' म्हटले. अशा द्रव्यांस 'हॉर्मोन' ही संज्ञा १९०५ साली मिळाली. मराठीत त्यास संप्रेरक म्हणतात. मज्जातंतूंचाही या कामी वाटा असतो, हे पुढे दिसून आले.

सिक्रीटिनमुळे सुटणाऱ्या रसात खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो. मनुष्य, कुत्रा, डुक्कर, गाय या सर्वांत ही व्यवस्था आहे. मात्र गाईम्हशींच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्यांचे अन्न प्रथम कोठीपोटात आंबते, आणि सिक्रीटिनचा पहारा तर चौथ्या पोटाच्याही पलीकडे, आतड्याच्या तोंडाशी असतो. कोठीपोटातील आम्लावर त्याचा काहीच इलाज चालत नाही. तेथे मोठी भिस्त लाळेवर असते. लाळेतही तोच क्षार असून मोठ्या गाईस दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते. पण ती सुटते कडबा चावताना व रवंथ करताना. दाणा चावावा लागतो थोडा आणि आंबतो झपाट्याने.

म्हणूनच खळ्यावर सुटून ज्वारीच्या राशीस तोंड लावलेले धट्टेकट्टे जनावर दुसऱ्या दिवशी आडवे पडलेले आढळते. रवंथ बंद होणे, पोट तटतटणे, आंबूस वासाचे पातळ शेण, ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, जनावराने धान्य खाल्ल्याचे कळताच पशुवैद्यास बोलवावे. व्यालेल्या गाईचा खुराक वाढवावयाचा असल्यास तो दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा, आणि प्रत्येक वेळी कडबा आधी, आंबोण मागाहून द्यावे.