गॅस बरा की वीज?

इंडक्शन शेगडी घ्यावी की गॅसच ठेवावा? शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये. आपण हिशेब करू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढाच स्वयंपाक या शेगडीवर केला, तर सुमारे १४० युनिट वीज जळते. समजा, सिलिंडर ९१० रुपयांना पडला. ९१० ला १४० ने भागा. साडेसहा रुपये आले. युनिट याहून स्वस्त पडले, तर शेगडी परवडते. महाग पडले, तर गॅस बरा.

पण इथेच माणूस फसतो. महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो. पुढे तो चढतो. दिवे-पंख्यांनीच शंभर युनिट संपले, की शेगडीचे सगळे युनिट चढ्या दराने पडतात. म्हणून तोच दर धरा.

शेगडीला सपाट बुडाचे, लोहचुंबक चिकटेल असे भांडे लागते. मातीचा तवा चालत नाही. नव्या भांड्यांचा खर्चही मांडा. शिवाय वीज गेली, की शेगडी थंड! तेव्हा गॅस अगदीच सोडू नये.

आता घरचे वीजबिल काढा. शंभराच्या पुढचा दर वाचा. त्यात वहन आकार मिळवा. किती आले?