कोणाच्या ताटात काय?

“आहारशास्त्र? म्हणजे स्वयंपाकच ना?” या शाखेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न घरीदारी ऐकावा लागतो. उत्तरासाठी एक साधा पदार्थ घेऊ : मीठ.

साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, हे तुम्ही शिकला आहातच. रक्तदाब वाढलेल्या माणसाला मीठ कमी करायला सांगतात ते त्यातील सोडियममुळे. म्हणून बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. पुष्कळांना ते उपकारकही ठरते. पण समजा, त्या रोग्याची मूत्रपिंडेही दुबळी झाली आहेत. रक्तातील जादा पोटॅशियम बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. ते नीट होईनासे झाले की पोटॅशियम रक्तात साचते, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, प्रसंगी हृदय बंदही पडते. शेजाऱ्याने चांगल्या हेतूने सुचवलेले मीठ असे जिवावर बेतू शकते.

भाजीचेही तसेच. अशा रोग्यासाठी ती बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडतात आणि ते पाणी ओतून देतात. बरेचसे पोटॅशियम त्याबरोबर जाते. निरोगी माणसाच्या घरी मात्र हे पाणी फेकणे म्हणजे ब आणि क जीवनसत्त्वे मोरीत ओतणे होय! तुमच्या वर्गातील मुलींचा हिशेब आणखी निराळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला रोज 30 मिलिग्रॅम लोह हवे, मुलाला 22. पालेभाजीतील लोह सहजी शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळले तर शोषण वाढते, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. भाजी एकच, पण सल्ला माणसागणिक वेगळा. आहारतज्ज्ञाचे काम नेमके येथे सुरू होते.

म्हणूनच पदवीच्या अभ्यासक्रमात पाककृतींपेक्षा जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचा भरणा अधिक. पुढे रोगानुसार आहाराची आखणी, आणि मग रुग्णालयात प्रत्यक्ष उमेदवारी. तेव्हा अकरावी-बारावीला रसायन आणि जीवशास्त्र टाळू नका. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात व निर्मला निकेतन महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. पहिले नाव महिला विद्यापीठाचे आहे म्हणून मुलांनी दचकू नये; मूत्रपिंडाला आहार आखणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणी परीक्षा देता येते. ही संघटना 1963 सालची. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य-व्यावसायिकांत स्थान दिले आहे. आठ-पंधरा दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून सल्ला देणारे पुष्कळ दिसतील. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक पडेल तो या अभ्यासाने.

काम केवळ रुग्णालयातच असते असे नाही. शाळेतील माध्यान्ह भोजनाचेच पाहा. प्राथमिक वर्गातील मुलाला त्यातून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, वरच्या प्राथमिक वर्गात 700 व 20, असा दंडक आहे. ठरलेल्या खर्चात, त्या भागात पिकणाऱ्या धान्यातून तो कसा पाळायचा, हे कोणीतरी बसून मांडावेच लागते. नाव होत नाही, पण हजारो ताटे एकदम सुधारतात. माझ्या मते या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

आता थोडे करून पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. शिक्षकांच्या मदतीने ते मिळवा आणि आपल्या एका दिवसाच्या जेवणातील प्रथिनांची बेरीज करा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते. डाळीत ते मुबलक असते. पिठले-भाकरीची जोडी या दृष्टीने पुन्हा तपासा. वजन मात्र भाकरीचे करू नका, पीठ मळण्यापूर्वी करा. कोष्टकातील आकडे मुख्यतः कच्च्या धान्याचे असतात आणि भाकरीत पाणीही असते.