पुरात बुडालेली हार्ड डिस्क

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला व सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सुरतेच्या वरच्या अंगास, त्याच तापीकाठी कामरेज आहे. एकेकाळी हा बडोदे संस्थानचा मुलूख. गायकवाडी दप्तरातला कागद भिजला तर वाळवून वाचता येई. आज हिशेब, दस्त, प्रबंध हार्ड डिस्कमध्ये असतात. ती बुडाली म्हणजे सारे गेले काय? बहुधा नाही. ते कसे, हे पाहू.

हार्ड डिस्कच्या डबीत गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. माहिती म्हणजे या थरातील चुंबकनाची दिशा. ती पाण्याने पुसली जात नाही. परंतु वाचणारे हेड तबकडीपासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. गाळाचा कण त्याहून कितीतरी मोठा. अशा स्थितीत वीज दिली की हेड आदळते व थर खरवडला जातो. खरवडलेल्या जागची माहिती कोणासही परत आणता येत नाही.

बिघाडाचे मुख्य प्रकार दोन :

(१) तार्किक बिघाड. तबकडी शाबूत, पण फाइलींची अनुक्रमणिका बिघडलेली असते. पुष्कळदा पुसलेल्या फाइलीची नोंद तेवढी जाते; त्या जागी नवे लिहिले जाईपर्यंत मजकूर राहतो. म्हणून त्या डिस्कवर काही लिहू नये. तिची संपूर्ण प्रत घ्यावी व प्रतीवरच काम करावे.

(२) यांत्रिक बिघाड. टकटक आवाज येतो किंवा तबकडी फिरत नाही. वीज तत्काळ बंद करावी. प्रयोगशाळेत, निर्धूल जागी, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून प्रत काढतात.

पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये. वाळलेला गाळ तबकडीला घट्ट चिकटतो. ती ओलसरच, हवाबंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे पाठवावी. कागदाचा नियम येथे उलटा होतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या ते कोसळले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या, होरपळलेल्या डिस्कमधून सुमारे ९९ टक्के माहिती मिळाली आणि झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही असे यश खर्चाचे व अनिश्चित असते. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाची एक प्रत नदीपासून दूर, दुसऱ्या गावी ठेवावी, हेच श्रेयस्कर.