जत्रेतली गर्दी आणि घरातला खोकला

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेला गोंड समाज धनेगावात उतरतो, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड या आपल्या दैवतांचं नाव घेत डोंगर चढतो, भेटेल त्याला ‘जय सेवा’ म्हणतो. माझ्यासारख्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बाया जत्रा जवळ आली की विचारतात, “ताई, एवढ्या गर्दीत टीबी तर नाही ना लागणार?” मी म्हणते, जत्रेला जा. पण आधी सांग, तुझ्या घरात कोण खोकतंय?

टीबीचे जंतू हवेतून येतात. उघड्या माळावर ते वाऱ्यात विरतात. कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात. आमच्याकडे थंडीत दारं-खिडक्या लावून सगळे एकाच खोलीत निजतात. माझे सासरे असेच एका हिवाळ्यात रात्र रात्र खोकत होते. विडीचा खोकला असेल, असं सगळ्यांनी धरलं. थुंकीत टीबी निघाला. उपचार पुरे करून ते बरे झाले.

त्या वेळी मी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या घेत होते, अंगात काही त्रास नव्हता. तरी मनात शंका होती म्हणून एका दवाखान्यात दाखवलं. हाताच्या कातडीत सुई टोचून चाचणी केली. दोन-तीन दिवसांनी तिथल्या बाईंनी जागेवरून बोट फिरवून पाहिलं. गाठ उठली नव्हती. “तुम्हाला काही नाही,” म्हणून घरी पाठवलं. पुढे संध्याकाळचा ताप सुरू झाला, ब्लाउज सैल झाले, मानेत गाठ आली. गाठीतलं पाणी तपासलं, तेव्हा टीबी निघाला.

नंतर एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांत ते सुप्त राहतात. ना खोकला, ना ताप, ना दुसऱ्याला लागण. निरोगी माणसांत अशा शंभरांपैकी पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. एचआयव्ही असून औषध चालू नसेल, तर दर वर्षाला शंभरात दहाच्या आसपास. एआरटीने धोका बराच उतरतो, पण संपत नाही. आणि ती कातडीची चाचणी? प्रतिकारशक्ती खालावली असेल तर जंतू असूनही गाठ उठत नाही. आपल्यासाठी पाच मिलिमीटरचा कडकपणाही मोजतात, नुसती लाली नाही. म्हणूनच आपल्याला प्रतिबंधाच्या गोळ्या द्यायला ही चाचणी लागतच नाही. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, यांतलं काही आहे का एवढं आधी विचारतात. आपल्या बाबतीत खोकला दोन आठवड्यांचा व्हायची वाट पाहायची नाही, एक दिवसाचाही सांगायचा. काही असेल तर आधी टीबीची तपासणी, कारण टीबी जागा असताना प्रतिबंधाच्या एकट्या आयसोनियाझिड गोळीने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. काही नसेल तर सहा महिने रोज आयसोनियाझिड, सोबत बी-६ जीवनसत्त्व. किंवा काही ठिकाणी आठवड्यातून एकदा घ्यायचा तीन महिन्यांचा कोर्स.

घरात टीबीचा रुग्ण, वीटभट्टीवर किंवा परगावच्या कामावर एका शेडमध्ये दहा-बारा जणांचं निजणं, तुरुंगात काढलेले दिवस, यातून जंतू आत येतात. त्यांना जागं करतं ते कमी झालेल्या सीडीफोर पेशी, म्हणजे खालावलेली प्रतिकारशक्ती, अर्धपोटी राहणं, साखरेचा आजार, विडी, दारू, दगडखाणीची धूळ. पोटाचं मी मुद्दाम सांगते. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर नव्या टीबीचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. २०२३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजच्या भातासोबत डाळ, अंडी, शेंगदाणे हेही औषधच आहे.

प्रतिबंधाच्या गोळ्या चालू असताना मोहाची दारू बंद. उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी केंद्र गाठा. पायाला मुंग्या आल्या तरी सांगा. टीबीच झाला तर घाबरू नका, पण एआरटी चालू आहे हे टीबीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर कमी पडतं. मला ते दिवसातून दोनदा घ्यावं लागलं. नाव फुटेल ही भीती असेल, तर २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमचा एचआयव्ही तुमच्या संमतीशिवाय सहसा कुणाला सांगता येत नाही. आशाताईंना फक्त “घरात टीबीचा रुग्ण आहे” एवढं सांगितलं तरी लहान पोरांसकट सगळ्यांची तपासणी होते.